घटसर्पाबद्दल पुन्हा तेच प्रश्न

आमच्या म्हशीला घटसर्प झालाय. मुलांना लागेल का?
नाही. तो पाश्चुरेला जिवाणूचा आजार, माणसांचा घटसर्प (डिप्थेरिया) वेगळा. म्हशीकडे मात्र आजच पशुवैद्यकांना बोलवा. लस पावसाळ्याआधीच टोचायला हवी होती.

म्हणजे जनावरांपासून माणसाला घटसर्प होतच नाही ना?
होतो, क्वचित. बहुतेक रुग्णांना तो माणसाच्या खोकल्या-शिंकांतूनच लागतो. पण 'कोरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स' हा माणसाच्या घटसर्पाच्या जिवाणूच्याच कुळातला जिवाणू गायी, कुत्री, मांजरे यांच्यात सापडतो आणि तसलेच विष बनवू शकतो. तो कच्च्या दुधातूनही येतो. तेव्हा 'न तापवलेलं, अस्सल' म्हणून चढ्या भावाने दूध विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. दूध उकळा. मांजराचे नाक सतत वाहत असेल किंवा जखम भरत नसेल तर पशुवैद्यकांना दाखवा.

मुलाच्या घशात राखाडी पापुद्रा आहे. शेजारी म्हणतात टॉन्सिल, गुळण्या करा. रिपोर्ट आल्यावर दवाखान्यात नेलं तर चालेल?
चालणार नाही. हा घटसर्प असू शकतो, आत्ता न्या. स्वॅब प्लेटवर लावल्यावर जिवाणू वाढायला एक-दोन दिवस जातात. तो विष बनवतो का, हे त्यानंतर एलेक चाचणीत कळते. पीसीआर ही जनुक शोधणारी चाचणी फक्त विषाचे जनुक आहे की नाही एवढेच सांगते. तोवर विष हृदयाला आणि नसांना गाठते. अँटिटॉक्सिन रक्तात फिरणारे विष निकामी करते; पेशीत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज नाही. म्हणून डॉक्टरांना दाट संशय आला की रिपोर्टसाठी थांबायचे नसते. ते औषध सगळीकडे नसते, निघतानाच फोन करून विचारा.

आणि स्वॅब! तो पापुद्र्याच्या कडेखालून, शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचा. आमच्या प्रयोगशाळेत येतो तीन दिवस गोळ्या झाल्यावर, चिठ्ठीवर नुसते 'घसादुखी'. मग घटसर्पाचा जिवाणू ओळखायची टेल्युराइटची खास प्लेट कोण लावणार? 'घटसर्पाचा संशय' एवढे दोन शब्द लिहायला काय जाते? पापुद्रा घरी खरवडू नका, रक्त येते.

त्याची बहीण ठणठणीत आहे. तिचा स्वॅब कशाला?
लस विषापासून वाचवते, पण जिवाणू घशात राहू शकतो आणि तिच्याकडून दुसऱ्याला जातो. औषध आणि लसीचा डोस डॉक्टर ठरवतील.

लहानपणी लस झालीय. 'इम्युनिटी पॅकेज' तपासून घेऊ का?
पैसे वाचवा. लसीचा असर वर्षांगणिक ओसरतो. टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीच्या) डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.