सीमाशुल्क संघ: ड्युटी वाचते, पण दर कोण ठरवतो?

या सदराकडे येणाऱ्या बऱ्याचशा पत्रांत एकच गोंधळ असतो. मुक्त व्यापार करार आणि सीमाशुल्क संघ, म्हणजे कस्टम्स युनियन, ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे धरून पुढचा सगळा हिशेब मांडलेला असतो. पाया चुकल्यावर वरची बेरीज तपासण्यात अर्थ नाही. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

भारत कोणत्या सीमाशुल्क संघाचा सदस्य आहे?
(स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

कोणत्याही नाही. दक्षिण आशियाई देशांचा साफ्टा हा मुक्त व्यापार करार आहे, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी आहे तोही करारच. क्लासच्या नोट्समध्ये वेगळे छापले असेल तर नोट्स बदला.

मग दोन्हींत फरक काय? एका वाक्यात सांगा.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

करारात सदस्य देश एकमेकांच्या मालावरची ड्युटी काढतात आणि बाहेरच्यांसाठी ज्याचा त्याचा दर ठेवतात. संघात बाहेरच्यांसाठीही सगळ्यांचा दर एकच असतो. पुढची उत्तरे या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर उभी आहेत, तेव्हा ते पुन्हा एकदा वाचा.

रॉटरडॅमला ड्युटी भरली की जर्मनीत परत भरावी लागते का? स्वित्झर्लंडला गेला तर?
(द्राक्ष निर्यातदार, निफाड)

जर्मनीत नाही. 1 जुलै 1968 रोजी सहा देशांनी आपापसांतली ड्युटी संपवून बाहेरच्यांसाठी समान दर लावला. आज त्या भिंतीच्या आत 27 देश आहेत. रॉटरडॅमला गोळा झालेल्या शुल्कातला चौथा हिस्सा नेदरलँड्स वसुलीखर्च म्हणून ठेवते, बाकीचा युरोपीय संघाच्या तिजोरीत जातो. पेट्या जर्मनीत उघडल्या की फ्रान्समध्ये, याच्याशी शुल्काचा संबंध उरत नाही.

स्वित्झर्लंड मात्र भिंतीबाहेर आहे. त्याचा सीमाशुल्क संघ आहे तो चिमुकल्या लिख्टेनश्टाइनशी. तिथे जाणारा माल रॉटरडॅमला ड्युटी भरून मोकळा केलात तर ती ड्युटी फुकट गेली असे समजा. तो तिथे ड्युटी न भरता ट्रान्झिटमध्येच, म्हणजे नुसता वाटेतला माल म्हणून, पुढे न्यायचा. कंटेनर न्हावाशेवाहून सुटण्याआधी तुमच्या सीएचएशी (कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाशी) आणि तिकडच्या आयातदाराशी हे लेखी ठरवा. जहाज निघाल्यावर आलेल्या फोनला माझ्याकडेही उत्तर नसते.

तुर्कीला कापड पाठवायचे आहे. एजंट म्हणतो, माल आधी युरोपात उतरवा, तिथे ड्युटी भरा, मग ‘ए.टी.आर.’ कागदावर तो तुर्कीत बिनशुल्क जातो. खरे आहे का?
(यंत्रमागधारक, इचलकरंजी)

अर्धे खरे आहे, आणि एजंटाने तेवढेच सांगितले आहे.

युरोपीय संघ आणि तुर्की यांचा सीमाशुल्क संघ 31 डिसेंबर 1995 पासून चालू आहे. तो औद्योगिक मालापुरता आणि प्रक्रिया केलेल्या शेतमालापुरता आहे, कच्चा शेतमाल त्यात नाही. या संघात माल कुठे बनला हे न पाहता त्यावर एकदा ड्युटी भरली गेली आहे का, एवढेच पाहायचे हे तत्त्व. ए.टी.आर. हा त्याचा पुरावा. इथपर्यंत एजंट बरोबर. पण तुर्कीने कापड आणि कपड्यांवर मूळ देश पाहून अतिरिक्त शुल्के लावलेली आहेत, आणि तिथले अधिकारी माल मूळचा कुठला हे विचारतात. त्या शुल्कावर ए.टी.आर. चालत नाही. शिवाय युरोपातली ड्युटी, गोदाम, दोन वेळा हाताळणी हे सगळे मिळून थेट पाठवण्यापेक्षा स्वस्त पडते का, हे एजंटाने कागदावर मांडून दिले आहे का? नसेल तर त्याचे कमिशन कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. निर्णय तुर्कीतल्या कस्टम्स ब्रोकरचे लेखी मत घेऊनच करा.

तुमच्या गावाचा या संघाशी जुना संबंध आहे म्हणून आणखी थोडे. त्या काळी भारतीय कापडावर युरोपचे कोटे होते. तुर्की संघात आल्यावर युरोपला भीती वाटली की कोटा चुकवून भारतीय कापड तुर्कीमार्गे आत येईल. म्हणून तुर्कीने जानेवारी 1996 पासून कापड आणि कपड्यांच्या 19 वर्गांवर भारतासाठी कोटे लावले. आपण काही न करता आपला बाजार अरुंद झाला. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि 1999 मध्ये तो अपिलातही जिंकला. संघ केला म्हणून बाहेरच्यांवर वाटेल तसे नवे निर्बंध लादता येत नाहीत, माल कुठला आहे याचे दाखले तपासूनही तुर्कीचे काम भागले असते, असा निकालाचा गाभा होता. लग्न दोघांचे आणि वरातीचा खर्च शेजाऱ्याकडून, हे तेव्हा चालले नाही. मात्र निकाल येईपर्यंत चार हंगाम गेले होते, आणि ते कुणी परत दिले नाहीत.

शेजारी देशांशी मिळून सीमाशुल्क संघ केला तर सगळ्यांनाच माल स्वस्त मिळेल. मग अडते कुठे?
(निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

‘सगळ्यांनाच स्वस्त’ ऐकून माझे कान किटले आहेत. तुम्ही बँकेत होता, तर आकडेच मांडू.

एक वस्तू जगात 100 रुपयांना मिळते, शेजारी देशात 110 रुपयांना. आपली ड्युटी दोघांवर 20 टक्के. म्हणजे बाहेरची 120 ला पडते, शेजाऱ्याची 132 ला. आपण बाहेरची घेतो आणि सरकारला 20 रुपये मिळतात. आता शेजाऱ्याशी संघ केला. त्याची वस्तू 110 ला, बाहेरची 120 लाच. गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे वळते, त्याचे 10 वाचतात, सरकारचे 20 जातात. देश म्हणून आपण 10 रुपयांनी खाली आलो, आणि पेपरात बातमी ‘वस्तू स्वस्त’ अशी. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी 1950 मध्ये हे दाखवून दिले. त्याचीच दुसरी बाजू अशी की आपल्याच देशात ती वस्तू 115 रुपयांत बनत असेल आणि आता 110 ला येत असेल, तर ती खरी कमाई. कुठल्या वस्तूत कमाई आणि कुठल्या वस्तूत नुसतीच दुकानबदली, हे वस्तूवार मोजल्याशिवाय संघाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्यांना मी गंभीरपणे घेत नाही.

ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात गेले तेव्हा न्यूझीलंडच्या लोण्याचे असेच झाले. वर्षानुवर्षे तिकडून येणाऱ्या स्वस्त लोण्यापुढे युरोपची भिंत आली. न्यूझीलंडला संक्रमणकाळासाठी खास सवलत मागून घ्यावी लागली आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाला महाग युरोपीय लोण्याची सवय करावी लागली. किर्गिझस्तानचे उदाहरण त्याहून ताजे आहे. त्याची ड्युटी कमी होती, म्हणून बिश्केकच्या दोर्दोय बाजारात चिनी माल उतरायचा आणि पुढे कझाकस्तान, रशियात जायचा. ऑगस्ट 2015 मध्ये तो रशियाच्या पुढाकाराने झालेल्या युरेशियन संघात गेला, समान दरामुळे ड्युटी वाढू लागली आणि त्या बाजाराचा धंदा बसला. बदल्यात रशियात राबणाऱ्या किर्गिझ मजुरांना कामाची परवानगी सोपी झाली. सौदा वाईट होता असे मी म्हणत नाही. पण बाजारातल्या गाळेवाल्याने किंमत दिली आणि फायदा मजुराच्या घरी गेला, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

आता माझा खरा मुद्दा. दर ठरवतो कोण? तुर्कीला फायदा झाला यात वाद नाही. बुर्सा, कोजाएली इथले मोटारींचे कारखाने युरोपच्या साखळीत बसले, कारण सुटा भाग सीमेवर पाच वेळा गेला-आला तरी ड्युटी नाही आणि तो मूळचा कुठला याचे गणितही नाही. हे गणित वाचणे हा संघाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा लाभ. पण युरोप तिसऱ्या देशाशी करार करतो तेव्हा टेबलावर तुर्की नसते. युरोपचा दक्षिण कोरियाशी करार 2011 मध्ये लागू झाला, तुर्कीचा त्याच कोरियाशी 2013 मध्ये. मधल्या काळात कोरियाचा माल युरोपमार्गे तुर्कीत ड्युटीविना येऊ शकत होता, तुर्कीच्या मालाला मात्र कोरियात तशी सवलत नव्हती. ज्याला मत नाही त्याने दर मान्य करायचा, हे कलम मला कुठल्याही संघात सर्वांत आधी दिसते आणि पत्रकार परिषदेत सर्वांत शेवटी ऐकू येते.

भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांचा समान दर कोणता ठेवाल? आपला ठेवला तर त्यांचे ग्राहक भरडले जातात. त्यांचा ठेवला तर खाद्यतेल स्वस्तात आत येते आणि लातूर, वाशिमचा सोयाबीनवाला उभा राहत नाही. आजही नेपाळमध्ये कच्चे खाद्यतेल आणून, शुद्ध करून इकडे पाठवण्यावरून तक्रारी चालूच असतात. आणि गोळा झालेला महसूल वाटणार कसा? दक्षिण आफ्रिकेच्या संघाने, जो 1910 पासून चालू आहे, सगळा पैसा एका भांड्यात टाकून सूत्राने वाटायचे ठरवले. लेसोथो आणि एस्वातिनीचे सरकारी खर्च त्यावर इतके अवलंबून झाले की जागतिक मंदीनंतर भांडे आटले तेव्हा त्यांचे अंदाजपत्रकच कोलमडले.

मोठ्या बाजाराला खेटून असलेल्या, त्याच्या कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या छोट्या देशाने संघात जावे, पण दर ठरवताना खुर्ची मागून घ्यावी. आपल्यासारख्याने करार करावेत आणि माल मूळचा कुठला याच्या दाखल्यांची कटकट सोसावी. तुम्ही यावरून गुंतवणुकीचे काही ठरवणार असाल तर मात्र नोंदणीकृत सल्लागाराकडे जा; या सदराचा तो विषय नाही.

पोर्तुगीज काळात गोवा आणि इंग्रजी मुलखात जकातच नव्हती असे आमचे आजोबा म्हणत. खरे की दंतकथा?
(शिक्षिका, मडगाव)

खरे, पण फक्त बारा वर्षे. 26 डिसेंबर 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार 1880 पासून अमलात आला आणि गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांचा सीमाशुल्क संघ झाला. मुरगाव बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे ही त्याचीच देणगी. रेल्वेच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी मात्र पोर्तुगीज सरकारने घेतली आणि ते ओझे झाले. पण गोव्याला खरे लागले ते मीठ. इंग्रजांचा मिठावर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ मोकळे सोडले तर तो बुडाला असता. म्हणून गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांनी ताबा मिळवला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये द्यायचे ठरले. पैसे सरकारला मिळाले, मिठागरे आगरवाल्यांची गेली, आणि गोवेकराला स्वतःच्या किनाऱ्यावरचे मीठ महाग झाले. वरच्या उत्तरात पुण्याच्या वाचकांना जे सांगितले ते इथे सगळे आहे. 1892 मध्ये करार वाढवला गेला नाही आणि नाकी परत आली. आजोबांनी बहुधा त्यांच्या आजोबांकडून ऐकले असावे.

भारतातून दुबईत शून्य ड्युटीने माल आणतो. आखाती देशांचा संघ आहे, तर सौदीत तो तसाच पाठवता येईल ना?
(मसाल्याचे व्यापारी, दुबई)

तसे गृहीत धरू नका. संघ 2003 पासून आहे आणि बहुतेक मालावर समान दर 5 टक्के ठरला, पण तुमची सवलत ज्या करारातून येते तो अमिरातीशी आहे, सगळ्या संघाशी नाही. तुमची शून्य ड्युटी ही अमिरातीची सवलत, ती सौदीला बांधील नाही. त्यात सौदीने 2020 मध्ये अनेक वस्तूंचे दर स्वतःहून वाढवले आणि 2021 मध्ये फ्री झोनमध्ये बनलेल्या मालाला सवलतीतून वगळले. कागदावरचा संघ आणि नाक्यावरचा संघ यांत तिथे अंतर आहे. रियाधच्या ब्रोकरला एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, देऊन विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नव्हे.

लेस्टरमध्ये भारतातून भाकरवडी, चिवडा आणतो. डब्लिनच्या दुकानांना विकताना ड्युटी का लागते? ब्रिटन-युरोप करारात तर शून्य आहे.
(घाऊक विक्रेते, लेस्टर)

शून्य आहे ते ब्रिटनमध्ये बनलेल्या मालासाठी. तुमचा चिवडा भारतीय आहे, नवे पाकीट आणि नवे लेबल लावल्याने तो ब्रिटिश होत नाही. 31 डिसेंबर 2020 पर्यंत दोन्ही देश एकाच संघात होते, म्हणून हा प्रश्न पडत नव्हता. डब्लिनचा माल थेट भारतातून तिकडे मागवता येतो का, किंवा लेस्टरला बाँडेड गोदामात (जिथे ड्युटी न भरता माल ठेवता येतो) ठेवून ब्रिटनची ड्युटी वाचते का, हे तिथल्या सल्लागाराकडून तपासून घ्या. उत्तर आयर्लंडचे नियम आणखी निराळे आहेत, डब्लिनचे उत्तर बेलफास्टला लावू नका.

वाशीतला एकजण दुसऱ्या देशाचे ‘ओरिजिन सर्टिफिकेट’ लावून आयात करून देतो म्हणतो. धोका किती?
(नाव छापू नये ही विनंती)

पूर्ण. सीमाशुल्क कायद्याचे कलम 28 डीए आणि 21 सप्टेंबर 2020 पासूनचे, मूळ देशाच्या दाखल्यांबाबतचे कॅरोटार नियम यांनुसार माल खरोखर त्या देशाचा आहे याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची आहे. सर्टिफिकेट दाखवले म्हणून सुटका होत नाही. तो एजंट नंतर फोन उचलणार नाही. वकिलाला भेटा, आणि माल आधीच आणला असेल तर आजच भेटा.

ब्रिटनशी करार झाल्याची बातमी वाचून दोन ऑर्डरी थांबवल्या आहेत. बरोबर केले ना?
(लघुउद्योजक, कोल्हापूर)

सही झाली 24 जुलै 2025 रोजी. सही आणि अंमल या दोन वेगळ्या तारखा असतात. अमिरातीच्या करारात दोन्हींत अडीच महिन्यांपेक्षा कमी अंतर होते, स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाच्या करारात 10 मार्च 2024 ते 1 ऑक्टोबर 2025. सवलत कोणत्या तारखेपासून आणि तुमच्या एचएस कोडला किती, हे अधिसूचनेतच पाहायचे. तोवर ऑर्डरी पाठवा. ड्युटी बदलली तर फरक कोणाचा, याचे एक कलम खरेदीदाराशी ठरवून घ्या आणि त्याचा मसुदा सही करण्याआधी वकिलाला दाखवा.