मुंबईत बाल्कनीत किवीचा वेल लावला तर फळं येतील का?

वेल कदाचित तग धरेल, पण फळं धरणार नाहीत. किवी मूळची चीनची. 1904 मध्ये तिच्या बिया न्यूझीलंडला गेल्या आणि 1959 मध्ये तिथेच तिचं ‘चायनीज गूजबेरी’ हे नाव बदलून किवी झालं. बाजारातल्या नेहमीच्या हेवर्ड जातीला हिवाळ्यात 7 अंशांखालचे 700-800 तास मिळाले, तरच कळ्या नीट फुटतात. मुंबईचा जानेवारी तेवढा गार कुठला! शिवाय नर-मादी वेल वेगळे, साधारण आठ माद्यांमागे एक नर हवाच. आपल्याकडे ती अरुणाचल, हिमाचलात पिकते.

त्यापेक्षा दादरच्या बाजारातून कडक फळं आणा, केळ्यासोबत कागदी पिशवीत तीन-चार दिवस ठेवा. अंगठ्याने हलकंसं दाबल्यावर किंचित दबलं की खा. मिल्कशेक मात्र लगेच प्या. किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, थोड्या वेळात तो कडू लागतो.