लाट पडेपर्यंत थांब

तुझी देवगडची फिल्म तीनदा पाहिली. तू विचारतेस, "समुद्राच्या शॉटमध्ये काही घडत नाही, किती ठेवू?" अगं, चार सेकंदांत कापतेस, घडणार कधी?

सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच लुई ल्युमिएरची १८९५ ची फिल्म बघ, बंदराबाहेर निघालेली होडी. कॅमेरा एका जागी, जेमतेम ५० सेकंद. माणसं वल्ही मारताहेत, धक्क्यावर बायकामुलं उभी. शेवटी लाट येते, होडी आडवी होते आणि तेवढ्यात रीळ संपतं. त्या लाटेला कुणी सूचना दिली नव्हती. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला, त्यातही समुद्रस्नानाचं एक चित्र होतं. हाकेच्या अंतरावर समुद्र असताना लोकांनी रुपया मोजून समुद्र पाहिला!

आणि तुझा तो स्लो मोशनमधला समुद्र. "फ्रेंच दिग्दर्शक एप्स्टाइननेही स्लो केलाच की," म्हणशील. केला. १९४७ च्या 'ल तँपेस्तेर'मध्ये तर वाऱ्यालाटांचा आवाजसुद्धा. पण त्याच्या आधीचा 'फिनिस तेरे' (१९२९) बघ. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या टोकाची बेटं, नट नाहीत, समुद्रातलं शेवाळ गोळा करून जाळणारी तिथलीच माणसं. एकाच्या अंगठ्यात फुटक्या बाटलीची काच जाते, अंगठा सुजतो, डॉक्टर पलीकडच्या बेटावर. मधे पाणी. ते पाणी एप्स्टाइनने आधी नीट पाहिलं होतं. त्याचं स्लो मोशन जास्त दिसावं म्हणून. तुझं, गाणं पुरावं म्हणून. आणि पोस्टरवरचं ते 'फोटोजेनिक कोकण' काढ. समीक्षक-दिग्दर्शक देल्युक आणि एप्स्टाइन ज्याला 'फोटोजेनी' म्हणत, म्हणजे कॅमेऱ्यातून पाहिल्यावर गोष्टीत जे नव्याने दिसतं ते, तो गोडगोजिरं दिसण्याचा मामला नव्हता.

थांब, एवढंच सांगतोय. लाट पडेपर्यंत थांब.

मी थांबलो नाही. भरतीचा पावणेतीन मिनिटांचा शॉट एकदा अकरा सेकंदांवर आणला. निर्माता शेजारी बसून घड्याळ बघत होता. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, माझ्या जागी तू असतीस तर तूही कापला असतास. तरी बोट माझंच. शॉटमध्ये एक म्हातारी वाळत घातलेली मासळी उचलत होती, पाणी चढत होतं. मासळीच्या शेवटच्या ओळीपर्यंत ते पोचलं का, हे आता कुणाला कळायचं नाही. मला आठवतंय, पोचलं नव्हतं. बहुतेक.

तुझ्या सतराव्या मिनिटाला जेटीवरचा दोर ताणतो, सैल पडतो, ताणतो. तिथेच कापलंयस. संगीत काढ आणि त्यापुढचं फुटेज मला पाठव. सगळं.