आधी अजब बंगल्यात जाऊन बस

आर्किटेक्चर झालं, प्राणिसंग्रहालयं-म्युझियमं करायची आहेत, पण "यात अर्थ आहे का?" हा तुझा प्रश्न योग्यच आहे. माझ्या मते भरपूर आहे, फक्त तो ड्रॉइंगवर सापडत नाही.

पहिलं काम: नागपुरात सीताबर्डीजवळच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, रविवारी दोन तास बस. 1863 पासून लोक तिथे येताहेत. वस्तूंकडे नको, माणसांकडे बघ. कोण थांबतं, कोण पुढे सरकतं, कोणती आई लेकराला कडेवर उचलून काच दाखवते. मी केलेल्या पहिल्याच दालनात सगळे फलक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होते. एक मुलगी टाचा उंचावून वाचत होती, मग कंटाळून निघून गेली. ती अजून आठवते. तेव्हापासून मी प्रत्येक फलक गुडघ्यावर बसून तपासतो.

सुरुवातीला सगळे याच चुका करतात:

- फलकावर निबंध लिहिणं. उभ्याने कुणी एवढं वाचत नाही.
- सावली, पाणी, बसायची जागा शेवटी आठवणं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की नागपुरात आधी सावलीच लागते.
- प्राण्याला लपायला जागाच न ठेवणं. जर्मन प्राणी-व्यापारी कार्ल हागेनबेकने 1907 मध्ये हॅम्बुर्गच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात लोखंडी गजांऐवजी खंदक वापरले. पाहणाऱ्याला ते मोकळं वाटलं, पण प्राण्याला आडोसाही हवा. शिवाय रात्रीचा निवारा आणि रखवालदाराची वाट नकाशात पहिल्या दिवसापासून असू दे.

मटेरियल, लायटिंग, टेंडर सध्या राहू दे. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात जाशील तेव्हा वही ने, आणि रखवालदाराशी बोलल्याशिवाय परत येऊ नकोस.