50 हजार आहेत, ऑप्शनपासून सुरुवात करू का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून ट्रेडिंग शिकायचंय, 50 हजार बाजूला काढलेत, मित्र म्हणतो निफ्टीचे (50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचे) ऑप्शन घे, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, पैसे कमी लागतात, आणि 25 हजारांचा एक कोर्सही बघून ठेवलाय. त्या कोर्सचे पैसे आत्ता भरू नका, कळकळीने सांगतोय.

आणि पहिलं वर्षभर तरी ऑप्शनकडे जाऊ नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये आकडे काढले होते, तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, सरासरी दोन लाखांच्या आसपास. ऑप्शन विकत घेतला की दिशा बरोबर येऊन भागत नाही, ती वेळेत यावी लागते. निफ्टी जागच्या जागी राहिला तरी प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, उतरतच जातं, एक्स्पायरी (मुदत संपायचा दिवस) जवळ आली की जास्तच.

माझंच सांगतो. 3 जून 2024, एक्झिट पोल बघून निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर, मला राहवलं नाही, बाजार बंद व्हायच्या आधी कॉल, म्हणजे भाव वर गेला तर फायदा देणारे ऑप्शन, घेतले. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल. स्टॉपलॉस, म्हणजे इतका खाली आला की विकून बाहेर पडायचं तो भाव, मनात होता, सिस्टीममध्ये टाकलेला नव्हता. पहिली घसरण झाली तेव्हा वाटलं येईल वर, मग अजून खाली, मग विकायला हातच होईना, आणि दिवसअखेर निफ्टी जवळजवळ सहा टक्के खाली. 38 हजार गेले. मुलाच्या अकरावीच्या ऍडमिशनसाठी ठेवलेले होते ते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासून मी उलटीकडून हिशोब करतो, आधी किती गेले तरी चालतील ते ठरवतो. तुमचे 50 हजार धरू. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 500 रुपये. शेअर 400 ला आहे आणि चार्टवर 385 च्या खाली गेला तर आपला अंदाज चुकला असं दिसतंय, तर एका शेअरमागे 15 रुपये जाणार. 500 भागिले 15, म्हणजे 33 शेअर, साधारण 13,200 रुपयांचा माल. बस्स, तेवढाच घ्यायचा, खात्यात बाकी पैसे दिसतात म्हणून वाढवायचा नाही. रात्रीत वाईट बातमी आली आणि शेअर 370 लाच उघडला तर 500 पेक्षा जास्त जातील, म्हणून कंपनीच्या निकालाच्या तोंडावर मी नवीन काही घेत नाही.

सुरुवात डिलिव्हरीने करा, म्हणजे शेअर पूर्ण पैसे देऊन घ्या आणि आपल्या खात्यात ठेवा, नेहमी उलाढाल असणारे तीन-चारच शेअर बघा. विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर काढायचं शुल्क, शेअरच्या संख्येवर नसतो, दोन विकले काय आणि दोनशे विकले काय तेवढाच, त्यामुळे दोन-दोन शेअर विकत बसलात तर फायदा तिकडेच जातो. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर पाठवतो ते सौद्यांचं बिल, रोज उघडून एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) वगैरे किती कापलं ते बघाच, बहुतेक जण ती कधी उघडतच नाहीत.

शिकण्यासाठी एनआयएसएमची, म्हणजे सेबीच्याच संस्थेची, वर्कबुकं साइटवर फुकट मिळतात. रटाळ आहेत पण पक्की आहेत.

आणि एक वही घाला. घेताना का घेतला, कुठे चुकलो असं मानणार, किती जाणार, हे ऑर्डर टाकायच्या आधी लिहायचं, नंतर नाही. वीसेक सौदे झाले की त्या पानांचे फोटो इथे टाका, नावं झाकलीत तरी चालेल, आपण एकेक बसून बघू.