ठाणे खाडीवर जाण्याआधी तिथी पाहावी

प्रश्न : गेल्या वर्षी चैत्र शुद्ध अष्टमीला सकाळी साडेसहाला आम्ही मुलांसह ऐरोलीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो पाहायला गेलो; पण खाडी काठोकाठ भरलेली होती आणि पक्षी एकही नव्हता. यंदा कोणती वेळ साधावी? मुलांना आणखी काय दाखवता येईल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण वेळेवर गेलात, फक्त तिथी चुकली. आपल्याकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि पाणी चढले की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. याउलट पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास येते. त्यामुळे सकाळी सात ते नऊ या वेळात चढते पाणी चरणाऱ्या थव्यांना हळूहळू काठाकडे सरकवत आणते. फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेची सकाळ म्हणूनच मला सर्वांत पसंत आहे. अमावास्येलाही हेच गणित लागू पडते. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा पोहोचते, तेवढी सवड ठेवावी.

पक्षी दूर असले, तरी मुलांना पायाशीच पुष्कळ पाहायला मिळेल. तिवराचे, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या झाडाचे, पान उलटे करून उन्हात धरा. झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण त्यावर चमकताना दिसतात आणि बोट लावून जिभेवर ठेवले की खारट लागतात. चिखलात निवटी शोधा. हा मासा असूनही पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटतो आणि दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर उभारून तोंड वासतो. त्याच चिखलात वाकड्या चोचीचे छोटे तुतवार टिपत फिरतात. हिवाळ्यात करडे असलेले हे पक्षी एप्रिलपर्यंत विटकरी होऊ लागतात, कारण सैबेरियाच्या उत्तर टोकाला जाऊन वीण करण्याचे दिवस जवळ आलेले असतात.

हे क्षेत्र 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 2022 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. तरीही छायाचित्रासाठी टाळ्या वाजवून थवा उडवणारे लोक दिसतात, याचे मला फार वाईट वाटते. ओहोटीचे मोजके तास हीच या पक्ष्यांची जेवणाची वेळ असते. मुलांना हे घरीच समजावून सांगावे.