नाव गाळलं, तरी ओळख राहते

प्रश्न : मी तालुका वार्ताहर आहे. पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात सावत्र वडिलांना शिक्षा झाली. मुलीचं नाव गाळून आरोपीचं नाव, गाव आणि नातं छापलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. सावत्र बाप कोण हे छापलं, की मुलगी कोण हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. पोक्सोच्या कलम २३ नुसार नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही. मुलाच्या हिताचं वाटलं तर फक्त विशेष न्यायालय परवानगी देऊ शकतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि वार्ताहराबरोबर प्रकाशक-मालकही अडकतो.

घरातलाच आरोपी असेल तर नातं ठेवा, त्याचं नाव गाळा. गुन्ह्याचं गांभीर्य नात्यातून कळतं. गावाऐवजी जिल्हा द्या. वय चालेल, इयत्ता नको. गु.र.नं. (पोलिसांतला गुन्हा नोंदणी क्रमांक) तर वाचकाला लागतच नाही. घराचा धूसर केलेला फोटोही नको, समोरचं दुकान ओळखू येतंच. आणि पान छपाईला सोडण्याआधी बाकीच्या दैनिकांनी काय दिलंय ते बघा. त्यांनी नाव दिलं आणि तुम्ही नातं, तर दोन कात्रणं शेजारी ठेवली की झालं! बहुतेक वेळा ओळख अशीच फुटते, एकट्या बातमीमुळे नाही.

पीडिता प्रौढ असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागतं (जुन्या भारतीय दंड संहितेचं २२८-अ) : दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिने स्वतः लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. पण तिचा मृत्यू झाला असेल तर ‘घरच्यांनीच नाव सांगितलं’ हा बचाव चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : माझ्या घटस्फोटाच्या अर्जातले आरोप नावासकट दैनिकात आले. संपादक म्हणतात, ‘कोर्टाच्या कागदातलंच छापलं.’

उत्तर : अर्ज हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर हे उत्तर लंगडं आहे. कलम २२ प्रमाणे ही सुनावणी बंद दालनात चालते आणि तिच्यातलं काहीही छापायला मनाई आहे. अपवाद फक्त उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, तोही परवानगीने. दंड मात्र जास्तीत जास्त हजार रुपये, त्यामुळे या कलमाचा धाक कुणालाच नाही.

मूळ अंक जपा. संपादकाला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा : तारीख, पान, नेमकं वाक्य आणि तुम्हाला काय हवं, खुलासा की माफी. दाद लागली नाही तर वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जा. मुदत छापल्यापासून मोजतात : दैनिक-साप्ताहिकासाठी दोन महिने, मासिकासाठी चार. कौन्सिल समज देतं, ताशेरे ओढतं. पैसे मिळवून देत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा एका वर्षात लावावा लागतो. गोम इथेच आहे. त्याच विषयावर दावा चालू असेल तर कौन्सिल तक्रार ऐकत नाही, आणि कौन्सिलच्या निर्णयाची वाट बघत बसलात तर वर्ष निघून जातं. कुठला रस्ता धरायचा ते पहिल्याच महिन्यात वकिलाशी बोलून ठरवा.

प्रश्न : भाऊ निर्दोष सुटला, पण नाव सर्च केलं की अटकेची जुनी बातमीच वर येते. काढून घेता येईल?

उत्तर : ‘काढा’ म्हणालात तर बहुधा नकार मिळेल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. अटक झाली होती. सार्वजनिक नोंदीवर आधारलेल्या मजकुराला खासगीपणाची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या राजगोपाल निकालापासून (१९९४) ठरलेलं आहे; लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना त्यातून वगळलं आहे. तुम्ही मागायचं ते अद्ययावतीकरण. निकालाची सर्टिफाइड कॉपी आणि बातमीची लिंक जोडून लिहा की, निर्दोष सुटल्याची नोंद मथळ्यातच घ्या. शेवटच्या परिच्छेदातली ओळ सर्चमध्ये दिसत नाही.

विस्मरणाच्या हक्काखाली (आपली जुनी माहिती इंटरनेटवरून हटवून घेण्याचा हक्क) उच्च न्यायालयात जाता येतं. दिल्लीत २०२१ मध्ये अंतरिम दिलासा मिळाला आहे. मात्र निकाल संकेतस्थळावरून हटवण्याच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. कुणी खात्रीशीर काम करून देतो म्हणालं तर आधी फी देऊ नका.

प्रश्न : एका कंपनीने आमच्या साप्ताहिकाविरुद्ध एकतर्फी मनाई हुकूम आणलाय. लेखी प्रत अजून हातात नाही. तिच्यावरची बातमी छापावी का?

उत्तर : हुकूम झाल्याचं कळलंय ना? मग थांबा. मिरजकर खटल्यातला, साक्ष न छापण्याचा हुकूम तोंडीच होता, आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने कायम ठेवला. प्रतीसाठी आजच अर्ज करा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली हुकूम उठवायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाचा ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा निकाल (मार्च २०२४) सोबत जोडा : मजकूर दुष्ट हेतूचा किंवा उघड खोटा असल्याशिवाय, दुसरी बाजू न ऐकता प्रसिद्धी रोखू नये असं त्यात म्हटलं आहे. बातमीला आधार देणारे तुमच्याकडचे कागद याच अर्जाला लावा. नुसत्या ‘वृत्तपत्र स्वातंत्र्या’वर न्यायाधीश हलत नाहीत.